माझं अनंतमूळ

३ फेब्रुवारी २०२५

खिडकीजवळची खुर्ची गेली. तिच्यावर आता मयुरीचा स्कार्फ, मयुरीचा डबा, मयुरीची पाण्याची बाटली — गुलाबी!

बाळंतपणाच्या रजेनंतर आज पहिल्यांदा लॅबमध्ये. वाटलं होतं, सगळे भोवती गोळा होतील, पिहूचे फोटो मागतील. मागितले, पण उभ्या उभ्या. मग सगळे व्हरांड्यात मयुरीभोवती. तिच्या वडिलांच्या बागेतली संत्री आली होती काटोलहून, पोतंभर. आमच्या गाईड पिंपळशेंडे मॅडम स्वतः सोलून खाऊन राहिल्या होत्या. एक फोड माझ्याही हातावर ठेवली. गोड होती. तेही सहन झालं नाही.

मी रजेवर गेले तेव्हा ही मुलगी नुकतीच लागली होती. काचसामान निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हचं झाकण कसं लावायचं ते मी शिकवलं तिला. आता ती सगळ्यांना शिकवते.

मग कल्चर रूममध्ये गेले. एसीचा तोच घुमणारा आवाज, तोच पांढरा उजेड. आणि मांडण्यांवर काचेचे फ्लास्कच फ्लास्क, प्रत्येकावर चिठ्ठी — डी-७. डी म्हणजे दिपाली. म्हणजे मी. रामटेकच्या डोंगरातून मी स्वतः खणून आणलेल्या अनंतमुळाची ही सातवी खेप. त्याच्या पानाच्या तुकड्यापासून पेशींचा गोळा वाढवायचा, झाड न तोडता औषध काढायचं — पीएचडीला लागल्यापासून मी ह्याच्याच मागे. गोळा धरायचा, बरा दिसायचा, मग तपकिरी होऊन मरायचा. शेवटी एक वाण, लॅबच्या भाषेत लाइन, कसाबसा जगला. तोच मागे ठेवून मी दवाखान्यात भरती झाले होते.

आणि आता! मऊ, फिकट पिवळे, भुसभुशीत गोळे. लोण्यासारखे. काठोकाठ.

माझ्या हातून हे असं कधीच वाढलं नाही.

मयुरी दारात आली. "ताई, तुमच्याशी जरा बोलायचं होतं." म्हटलं, नंतर. डोळे भरले होते, ते तिला दाखवायचे नव्हते.

६ फेब्रुवारी

आज मयुरीनं चाचणी करून दाखवली. साधी चाचणी आहे. एक गडद जांभळा द्राव असतो, त्यात आपला अर्क टाकायचा. अर्कात अँटिऑक्सिडंट असतील तर जांभळा रंग उतरत जातो आणि पिवळा होतो. जितका भरभर उतरला, तितका अर्क दमदार. माझ्या वेळी मी टक लावून बसायची. जांभळ्याचा फिका जांभळा व्हायचा. बस.

तिनं थेंब टाकले आणि बघता बघता लिंबू सरबत!

मॅडमनी चक्क टाळी वाजवली. "काय केलंस गं?"

"काही नाही मॅडम. थोडा यीस्टचा अर्क दिला त्याले. त्याले वाटते कोणी हल्ला करून राहिलं, मंग ते जास्त बनवते."

'त्याले'! जणू तिचं लेकरू. अगं, माझं आहे ते. मी खणलं, मी धुतलं, मी कापलं. तू फक्त खायला घातलं.

घरी आले तर पिहू सासूबाईंच्या मांडीवर. घ्यायला गेले तर भोकाड पसरलं. माझ्याकडे यायला! सासूबाई म्हणतात, "अवं, तू त्या स्पिरिटच्या वासानं भरून आली. लेकराले वास नाही आवडत." हात धुतले, कपडे बदलले. तरी नाही आली.

९ फेब्रुवारी

पिहूनं आज स्पष्ट 'आई' म्हटलं.

सासूबाईंना.

१८ फेब्रुवारी

डी-७ मधले थोडे गोळे घेऊन मी आपले वेगळे फ्लास्क लावले होते. माझ्याच हातानं, माझ्याच पद्धतीनं. आज बघते तर निम्म्यांत बुरशी, काळी, केसाळ. उरलेले तपकिरी. शेजारच्या मांडणीवर मयुरीचे — टवटवीत. तोच गोळा! तीच खोली, तोच उजेड!

रजेआधी आमचा गोळा जरा कडक असायचा, हिरवट. हिच्याकडे पोतच बदलला. कसा? हातात असं काय आहे हिच्या? काही लोकांच्या हातची भाकरी फुगते, तसं काहीतरी असणार. मला त्याची चीड येते. मेहनतीला हरवायला काहीतरी करता येतं. हाताच्या गुणाला काय करायचं?

बेसिनपाशी फ्लास्क रिकामे करताना ती आलीच. "ताई, मी लावून देऊ का?"

"काहून? मले येत नाही का?"

तोंडातून असंच निघालं, घरच्या भाषेत. लॅबमध्ये मी सहसा असं बोलत नाही. तिनं बेसिनचा नळ बंद केला. मग हळूच म्हणाली, "तसं नाही ताई. ह्या डी-सातचं तुम्हाले एक सांगायचं होतं..."

"डी-सातचं तू मला सांगणार?"

गेली. बरं झालं.

१ मार्च

माझा नवरा रजत म्हणतो, मयुरी चांगली पोरगी आहे. मला घ्यायला आला होता, तिची बस चुकली होती, म्हणून तिला काटोल नाक्यापर्यंत सोडलं. मी मागे बसले, पिहूच्या सीटशेजारी. ती समोर.

रस्ताभर संत्र्यांवर बोलत होते दोघं. मृग बहार, आंबिया बहार. रजतला कधीपासून बागेत रस? आमच्या गॅलरीतली तुळस त्यानं पाणी न घालता मारली.

१४ मार्च

धुळवड. मयुरीचा फोन आला. नाही उचलला.

२६ मार्च

बुटीबोरीची एक कंपनी आमच्या अनंतमुळावर काम करायला तयार झाली! औषधी अर्क बनवते. जंगलातून मुळं विकत घेऊन दमले आहेत ते, माल भेसळीचा येतो. आता मोठ्या स्टीलच्या टाकीत पेशी वाढवून बघायच्या, त्यातून अँटिऑक्सिडंट काढायचे, गोळ्या, क्रीम, काय काय. वाढ साधली तर आमच्यातल्या एकाला तिथं नोकरी. पक्की. स्वतःची प्रयोगशाळा.

मी ऐकत होते आणि मनात आपली टाकीसमोर उभी होते, पांढऱ्या कोटात.

मॅडम म्हणाल्या, "मयुरी, तू सादरीकरण कर."

सगळे गेल्यावर मी केबिनमध्ये गेले. म्हटलं, मॅडम, लाइन माझी आहे. त्या चष्मा पुसत राहिल्या. "दिपाली, तू आत्ता कुठे परत आलीस. बाळ लहान आहे, आधीच अपुऱ्या दिवसांचं. रोज बुटीबोरीला जाणं-येणं झेपेल का तुला? तू थीसिस पूर्ण कर निवांत."

निवांत! पिहू दवाखान्यात काचेच्या पेटीत होती तेव्हा ह्याच मॅडम येऊन माझा हात धरून बसल्या होत्या. म्हणाल्या होत्या, "तुझं काम कुठे जात नाही, मी आहे." बरोबर आहे. काम कुठेच गेलं नाही. फक्त दुसरीच्या नावावर झालं.

३० मार्च

पाडवा. तांडापेठेत माहेरी. बाबांना सगळं सांगितलं. बाबा आता गांधीबागेत कापडाच्या दुकानात असतात, पण हात अजून कोष्ट्याचे, बोलताना बोटं धागा चाचपत राहतात. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या मागावरची साडी दुकानदार आपल्या नावानं विके. गिऱ्हाईक त्याले म्हणे, वा, काय काठ काढले! मी कोपऱ्यात उभा. एकदाही तोंड नाही उघडलं. तू उघड."

आई म्हणाली, "अवं, पण त्या पोरीले एकदा विचारून तं पाह्य."

काय विचारायचं? चिठ्ठ्यांवर माझं नाव आहे. अजून पुरावा काय हवा?

८ एप्रिल

आज बोलले!

कंपनीचे दोघं आले होते, केशव नावाचे व्यवस्थापक आणि त्यांच्यासोबत एक केमिस्ट. मयुरी उभी राहिली. निळा कुर्ता, केस घट्ट बांधलेले, आवाज जरा कापत होता. पण पडद्यावर एक एक चित्र यायला लागलं — वाढीचा आलेख, रंग उतरल्याचे फोटो — तशी ती खुलली. देखणं काम होतं. लिहायला हात जड होतो, पण होतं. केमिस्ट पुढे सरकून बसला.

केशव सरांनी विचारलं, "ही लाइन मूळ तयार कोणी केली?"

मी उभीच राहिले. "मी. डी-सात. डी म्हणजे दिपाली. रामटेकहून मी आणलं, मी वाढवलं. मी बाळंतपणात होते, तेव्हा हिनं फक्त सांभाळलं."

'फक्त' वर जरा जोर पडला.

मयुरीनं मॅडमकडे पाहिलं. बराच वेळ. मॅडमनी मान खाली घातली, समोरची फाईल चाळत राहिल्या. म्हणजे मॅडमलाही पटलं! नाहीतर बोलल्या नसत्या का?

"खरं आहे का?" केशव सरांनी मयुरीला विचारलं.

तिनं ओठ ओले केले. "हो. ताईंचंच नाव आहे त्याच्यावर."

एवढंच. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मी पूर्ण तयारीत होते.

रजतला फोन केला. तो म्हणाला, "छान. मग आता रडून काहून राहिली?"

१० एप्रिल

माझं नाव ठरलं. टाकीवर काम मी करायचं, पेपरवरही पहिलं नाव माझं. सासूबाईंनी साखर दिली हातावर. पिहूनं माझ्या बोटाची साखर चाटली — आज माझ्याकडे आली!

मयुरी आली नाही.

१७ एप्रिल

बुटीबोरी. ऊन असं की गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही. कारखान्याच्या आत मात्र गार, स्वच्छ. टाकी माझ्या खांद्याइतकी. केमिस्ट 'मॅडम' म्हणाला मला. मॅडम!

फ्लास्कमधल्या पेशी टाकीत सोडल्या. काचेच्या झरोक्यातून दिसत होत्या, दुधात साय फुटावी तशा गोल फिरत होत्या. किती वाट पाहिली ह्या क्षणाची. आणि तिथंही काय आठवावं? मयुरी हे बघताना 'वा वं बाई' म्हणाली असती. तसंच म्हणते ती, नवीन काही दिसलं की. डोळे मोठे करून.

जा ना डोक्यातून.

२२ एप्रिल

टाकीत वाढ चांगली. रंगही भरभर उतरला. तिच्या पद्धतीनं, यीस्टचा अर्क घालूनच. त्याला काय, ती काही तिची एकटीची युक्ती नाही. पुस्तकात असते.

लॅबमध्ये कोणी माझ्याशी फारसं बोलत नाही. जेवायला बसले की पलीकडचं टेबल भरतं. "मयुरी असती तर..." हे वाक्य आज दोनदा ऐकलं. ती असताना लॅब तिची होती, आता नाही तरी तिचीच! खिडकीजवळची खुर्ची मोकळी आहे. मी बसले तिथं. ऊन थेट डोळ्यांत येतं. हिनं कशी काढली इतके दिवस?

२८ एप्रिल

नीट लिहिते. झालं तसं लिहिते.

दुपारी व्हरांड्यात एक गृहस्थ उभे. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, चेहरा उन्हानं रापलेला. "मी रुपराव. मयुरीचा बाप. तिचं सामान न्यायले आलो." मी आत बसवलं, पाणी दिलं. तिचा स्कार्फ, डबा, ती गुलाबी बाटली पिशवीत भरून दिली.

"तुम्हीच का दिपालीताई? लय नाव सांगे पोरगी तुमचं. सारं तुम्ही शिकवलं म्हणे." चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना काही माहीतच नव्हतं, बोलण्यातून कळलं. घरी तिनं एवढंच सांगितलं होतं, की आता काम संपलं.

मग कौतुकानं म्हणाले, "ते अनंतमूळ बुटीबोरीले लागलं म्हणते? आमच्या बांधावरचं हाय ते!"

मी हसले. "नाही काका. ते रामटेकचं."

"रामटेकचं तं मेलं ना बाई, मागच्या उन्हाळ्यात. लाइट गेली, तो थंडा करायचा एसी बंद पडला, सुट्ट्यायनं इथं कोणी नव्हतं. सारं काळं झालं. पोरगी रडत घरी आली, जेवे ना काही ना. म्हणे, ताईले काय तोंड दाखवू. मंग पाऊस पडल्यावर मीच खोदून देल्लं तिले, पार चिखलात. सारं पहिल्यापासून लावलं तिनं."

"मला कोणी सांगितलं नाही," मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

"तुमचं लेकरू काचेत होतं ना तेव्हा. मॅडम म्हणे, तिले आत्ता काही सांगू नको. बरोबरच हाय. बरं हाय आता लेकरू?"

बरं आहे म्हटलं. फाटकापर्यंत सोडायला गेले.

मग केबिनमध्ये. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. दार लावून घेतलं.

"प्रकल्पाच्या अहवालात डी-सात चालू दाखवली होती मी," त्या म्हणाल्या. "मेली असं कळवलं असतं तर सगळंच थांबलं असतं. म्हणून मयुरीला म्हटलं, नव्या लाइनला तेच नाव राहू दे."

"आणि त्या दिवशी? मीटिंगमध्ये?"

"काय बोलणार होते मी, दिपाली? त्या लोकांसमोर?"

"तिनं तरी बोलायला हवं होतं!"

मॅडम म्हणाल्या, "ती तुझ्याशी बोलायला पाहत होती. तू बोलू दिलंस का?"

कडक हिरवट गोळा, मऊ पिवळा गोळा. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली बाई. समोर दिसत होतं! तिच्या हाताचा गुण म्हणून जळत बसले, पण एकदाही मनात आलं नाही, की हे झाडच वेगळं असेल.

२९ एप्रिल

केशव सरांना भेटून सगळं सांगितलं. मॅडमना आधी कल्पना दिली होती. त्या म्हणाल्या, "माझी नोकरी जाऊ शकते." म्हटलं, जाऊ शकते. केशव सरांनी टाकीच्या नोंदी पुन्हा चाळल्या. मग म्हणाले, वाढ तर खरी आहे ना? ज्यांनी वाढवली त्यांना पाठवा. पेपर मात्र नीट करून आणा.

परत येताना बाबांच्या दुकानावर थांबले. सांगितलं. बाबा गुंडाळत होते तो तागा त्यांनी तसाच खाली ठेवला. म्हणाले, "मंग तू दुकानदार झाली होती."

मग चहा मागवला.

१ मे

सुट्टी. काटोलला गेले, बसनं. मयुरी ओसरीवर गहू निवडत होती. उठली नाही.

सगळं सांगितलं. नोकरी तुझी, नाव तुझं, चुकलं माझं. वाटलं होतं, रडेल. किंवा हाकलून देईल.

गहू चाळत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "जाईन मी बुटीबोरीले. पण एक ऐकून घ्या ताई. मी काही लय मोठ्या मनाची नाही. तुमच्यावर एवढी जळत होती मी! लागवड माझी, रात्रंदिवस जीव माझा, आणि दर फ्लास्कवर तुमचं नाव लिहा. हात जळे माझा. एकदा सारे डी खोडून टाकले होते."

"मग?"

"मंग पुन्हा लिहिले. रडत रडत. तुम्ही येणार त्याच्या आदल्या दिवशी."